बाहेर पडायची जागा

शेणवा, ता. शहापूर
१२ डिसेंबर २००६

श्री. अनंत यांस,
नमस्कार.

हे पत्र एका मशीनविषयी आहे. दुसरं काही नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचायला हरकत नसावी. पत्ता तुमच्या धाकट्या भावाकडून घेतला. त्याने फोन नंबरही दिला होता. फोनवर मला नीट विचारता येणार नाही.

मी शेणव्यातच आहे. सरकारी नोकरी सोडून ट्रस्टच्या दवाखान्यात आले, हे तुम्हाला माहीत नसेल. गेल्या वर्षीच्या पुरानंतर मुंबईच्या एका मंडळाने ट्रस्टला पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे चालणारं वाहन द्यायचं कबूल केलं आहे. कोणतं घ्यायचं ते आम्ही ठरवायचं. ट्रस्टचे अध्यक्ष कुंडलिकराव यांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "सिस्टर, तुमचे मिस्टर ह्यातलेच ना?"

मी हो म्हटलं.

वाहन टेपवाडीसाठी हवं. धरणाच्या पाण्यापलीकडची वाडी. एकदा तुम्ही मला जीपने ह्या काठापर्यंत सोडलं होतंत. पलीकडची घरं तुम्ही पाहिली आहेत. पावसाळ्यात होडी बंद असते, तिथलं माणूस आजारी पडलं की अजूनही डोलीच. बांबूला गोधडी बांधायची, चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि पाण्याला वळसा घालून खिंडीतून रस्त्यावर आणायची. चार दमले की दुसरे चार. त्यासाठी वाडीत एक रीत आहे. लावणीच्या दिवसांत सगळे मजुरीला मुरबाडच्या बाजूला, धसईकडे जातात. आठ गडी मात्र मागे राहतात. त्यांना खांदेकरी म्हणतात. गेलेले परत आले की मिळालेल्या भातातून खांदेकऱ्यांचा वाटा काढतात. ह्यावरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पण मागे राहायची हौसही कोणाला नसते.

दोन मशीनं समोर आहेत. दोन्ही आठ चाकांची, होडीसारख्या अंगाची. एक पट्ट्यावर आणि साखळीवर चालतं. दुसऱ्यात इंजिन पंप फिरवतं आणि पंपातलं तेल दोन्ही बाजूंच्या मोटारी फिरवतं. माहितीपत्रकात त्याला हायड्रॉलिक ड्राइव्ह म्हटलं आहे. तुमचं आयुष्य त्या तेलात गेलं. आम्ही विकत घेण्याआधी काय काय पाहावं, एवढं कळवावं.

गिरजा
(परिचारिका, ट्रस्टचा दवाखाना, शेणवा)


शेणवा
२२ जानेवारी २००७

श्री. अनंत यांस,
नमस्कार.

उत्तर मिळालं. तुमच्या कंपनीच्या कागदावर, मुद्दे घालून, एका पानात. उपयोगी आहे.

तुम्ही लिहिलंत, मशीन पाण्यात उतरतं ते कोणीही दाखवेल, भरलेलं मशीन पाण्यातून बाहेर कसं निघतं ते बघ. म्हणून तेच पाहिलं. दोन्ही मशीनं एकाच आठवड्यात आली.

साखळीवालं आधी आलं. पाण्यात चाललं. टेपवाडीच्या काठाला लागलं, पुढची चाकं जमिनीवर आली आणि आत कुठेतरी भिजलेला पट्टा घसरायला लागला. इंजिन ओरडत होतं आणि मशीन हळूहळू मागे पाण्यात जात होतं. वाडीतली माणसं काठावर बसून पाहत होती. धाकलू नावाचा एक तरुण आहे. तो म्हणाला, "हिला बाहेर यायला लाज वाटतंय रं." सगळे हसले. एजंटही हसला, पण उशिरा.

हायड्रॉलिकवालं परवा झालं. त्याचा एजंट दीपेश, कल्याणचा मुलगा, गळ्यात टाय. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. पाणी, चिखल, चढ, सब चलता है. चिखल तर हिचं घर आहे." मशीन काठाला लागलं आणि जणू काठ तिथे नाहीच असं वर आलं. जागच्या जागी फिरलं. फिरताना धाकलूच्या खाचराचा बांध एका बाजूने कापला गेला. "बांध फोडलास तर माजी आय तुला फोडल," असं तो दीपेशला म्हणाला. त्याची आई जिवली तिथेच होती. वाडीतली बाळंतपणं तीच करते, अडलं की मला बोलावते. तिने बांधाची माती पायाने दाबून जागेवर बसवली आणि मशीनकडे न पाहता घरी गेली.

वाडीतल्या पोरांनी मशीनचं नाव बेडकी ठेवलं आहे.

जाताना धाकलूने विचारलं, "शिश्टर, ही आली म्हंजी आमी खांदेकरी ऱ्हायाचं का नाय?" त्याची पाळी सलग दोन वर्षं आली होती. मी म्हटलं, "बघू या." पण मी हसून म्हटलं, आणि त्याने बाकीच्यांकडे पाहिलं.

तुम्ही शेवटी लिहिलंत की तिकडे थंडी पडली आहे. इथेही पडली आहे.

गिरजा


शेणवा
५ मार्च २००७

श्री. अनंत यांस,
नमस्कार.

हायड्रॉलिकवालं घ्यावं असं माझं मत झालं आहे. ट्रस्टही तयार आहे. तरी तुमच्या प्रश्नांसाठी दीपेशला पुन्हा बोलावलं. दुपारचं, उन्हात.

तेल: चढ चढवून लगेच टाकीला हात लावायला सांगितलं होतंत. लावला. ठेवता आला नाही. दीपेश म्हणाला, हे नॉर्मल आहे. चढाच्या शेवटी मशीन थोडं मंदावलं होतं, हे मात्र धर्माच्याही लक्षात आलं. धर्मा आमचा जीपवाला. मशीन तोच चालवणार.

नळ्या: तेलाची नळी फुटली तर नवी दाबून मिळायला कल्याण गाठावं लागेल. एक जास्तीचा संच मशीनबरोबर द्यायचं कबूल करून घेतलं आहे.

वजन: स्ट्रेचरवर धर्माला झोपवलं, बाजूला तांदळाची पोती ठेवली, मी बसले, दीपेशने चालवलं. पाणी कडेपासून वीतभर खाली राहिलं. पलीकडे पोहोचलो तेव्हा धर्मा खरंच झोपला होता. दीपेशने तो फोटो काढला. म्हणाला, जाहिरातीत टाकतो.

पाणी उपसायचा पंप चालतो. वाऱ्यात मशीन बाजूला वाहतं, पण सरळ करता येतं.

एवढ्यात सगळे प्रश्न झाले असं वाटतं.

तुम्ही सुचवलंत तसं मंडळाला कळवलं की एक पावसाळा वापरून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. दीपेशच्या साहेबांनी मान्य केलं. जूनमध्ये मशीन इथे आणून ठेवतील. पावसाळा संपला की घ्यायचं की परत करायचं ते सांगू. कुंडलिकराव खूश आहेत. "मुलगी पाहायला चार महिने," असं सगळ्यांना सांगत फिरतात.

तुमच्या गुडघ्याचं वाचलं. सूज असेल तर उभ्याने काम करू नये. हे परिचारिका म्हणून लिहीत आहे.

गिरजा


शेणवा
१९ एप्रिल २००७

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जूनमध्ये तुम्हाला रजा आहे आणि मशीन चालताना स्वतः पाहावं असं तुम्हाला वाटतं, हे वाचलं.

मुद्दाम येण्याची गरज नाही. सगळं पाहून झालं आहे. मशीन चांगलं आहे. तुम्ही इतक्या लांबून चाचणी घेतलीत, आणखी काही राहिलेलं नाही. जूनमध्ये इथे पाऊस, चिखल, दवाखान्यात गर्दी. तुमची रजा वाया जाईल. करार वाढवण्याचं बोलणं चालू आहे असंही तुम्ही लिहिलंत. मग अशा वेळी रजा घेणं बरं दिसणार नाही.

काठ कोणत्या महिन्यात पाहिलात, हे तुम्ही पुन्हा विचारलंत. पाण्याच्या पातळीची काळजी नसावी. इथली माणसं हे पाणी रोज पाहतात.

घराला ह्या वर्षी रंग काढला. बाहेरून पिवळा, आतून पांढरा. मागची पडवी साफ केली. तुमची हत्यारांची पेटी तिथेच होती. गंजलेलं फारसं काही नाही. सहज सांगितलं.

गुडघ्याला शेक द्यावा.

गिरजा


शेणवा
२४ जून २००७

सप्रेम नमस्कार.

बेडकी आली. ट्रकमधून उतरवली तेव्हा अख्खं गाव जमा झालं. कुंडलिकरावांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी पुढच्या चाकावर पडलं तर दीपेशने रुमालाने पुसलं.

त्याने धर्माला इकडच्या काठावर शिकवलं. इकडे मुरमाचा उतार आहे. उतरणं, फिरवणं, वर काढणं, सगळं जमलं. पलीकडे अजून नेलेलं नाही. पावसाने उसंत दिली नाही, आणि दीपेशला परत जायचं होतं. गरज लागली की जाऊच.

खूण ठरवली आहे. वाडीत फोन लागत नाही. कोणी आजारी पडलं तर त्यांनी काठावरच्या उंबराला पांढरं लुगडं बांधायचं. दवाखान्याच्या ओट्यावरून ते दिसतं. हे मला सुचलं.

टेपवाडीची माणसं लावणीला धसईकडे गेली. जाताना दवाखान्यावरून गेली. ह्या वर्षी सगळेच गेले. गडी आणि तरण्या बाया. धाकलूने मला ओट्यावर पाहिलं, थांबला. त्याची बायको तानी पहिलटकरीण आहे, दिवस भरत आले आहेत. म्हणाला, "शिश्टर, जाऊ ना?"

मी म्हटलं, "जा. मी आहे, बेडकी आहे."

तो म्हणाला, "मंग डोलीचा बांबू काय, आता येलाच्या मांडवालाच." बाकीचे हसले. तो हसत हसत गेला. पावसात त्यांच्या डोक्यावरची इरली बराच वेळ दिसत होती.

तुमचं पत्र आलं नाही. कामात असाल.

गिरजा


शेणवा
१५ जुलै २००७

सप्रेम नमस्कार.

करार वाढवल्याचं कळलं. चांगलं झालं. तुमच्या वयात नवीन ठिकाणी जम बसवण्यापेक्षा तेच बरं.

मशीनला थोडी अडचण आली. तेल तापलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. दीपेशचे मेकॅनिक येऊन पाहून गेले. आता चालू आहे.

इथे पाऊस बरा आहे. लावण्या उरकत आल्या.

जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

गिरजा


शेणवा
९ ऑगस्ट २००७

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात मी नीट लिहिलं नाही. तुम्ही उत्तरात फक्त एक ओळ लिहिलीत. "तेल कशामुळे तापलं?" सांगते.

जुलैच्या सुरुवातीला सकाळी धर्माने हाक मारली. उंबरावर लुगडं दिसत होतं. पाऊस होता, पण समोरचं दिसत होतं. मी पिशवी घेतली, दोघं निघालो. पाण्यात मशीन छान चाललं. मी धर्माला म्हटलंही, डोलीला ह्यापेक्षा किती वेळ लागला असता. तो हो म्हणाला.

पलीकडे काठ नव्हता.

जानेवारीत आम्ही ज्या काठावर चढलो तो वर, लांब होता. उन्हाळाभर धरणातलं पाणी सोडतात. जूनच्या शेवटाला ते सगळ्यात खाली गेलेलं असतं. मधे नुसता गाळ. वरून सपाट, पावसाने चकचकीत. धर्माने मशीन तसंच पुढे घातलं. चिखल तिचं घर आहे, असं आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

चाकं फिरत राहिली. मशीन पोटावर बसलं. तरंगायला पाणी नाही आणि चालायला जमीन नाही, अशी जागा होती ती. धर्माने पुढे घेतलं, मागे घेतलं, एका जागी फिरवलं. जितकं फिरवलं तितकं खोल गेलं. मग चाकं मंदावली. मी टाकीला हात लावला. तुमची सवय लागली आहे.

तेल त्यामुळे तापलं.

तेवढ्यात वरून बाया उतरताना दिसल्या. जिवली आणि तिच्या वयाच्या तिघी. खांद्यावर डोली. बाईमाणसाने डोलीला खांदा दिलेला मी ह्याआधी पाहिला नव्हता. बांबू मांडवाला नव्हता गेला. जिवलीने ठेवला होता. त्या गाळाच्या कडेला येऊन थांबल्या. आपल्या घरापासून विहीर जेवढी आहे तेवढं अंतर असेल. बोललेलं ऐकू येत होतं.

जिवली ओरडली, "शिश्टर, तू हकडं येतीस का आमी तकडं येऊ?"

मी म्हटलं, "येऊ नका. तिथेच थांबा."

मग मी उतरले. मांडीपर्यंत गेले. धर्माने स्ट्रेचर आडवं टाकलं. मी त्याच्यावर पालथी पडून सरकत गेले, पुढे सरकवायचं, परत चढायचं. पिशवी दातांत धरली होती. जिवलीने वरून तिचं इरलं माझ्याकडे फेकलं, त्याच्यावर शेवटचा पाय टाकला. हे सगळं ऐकायला बरं वाटतं. त्याला फार वेळ लागला.

तानीला पहाटेपासून कळा होत्या. मूल आडवं होतं. जिवलीला ते हात लावल्याबरोबर कळलं होतं. गडी असते तर तिने तेव्हाच डोली खिंडीकडे काढली असती. ती म्हणाली, "तू म्हनली व्हतीस बेडकी येनार, म्हनून लुगडं बांधलं. मंग वाट बघितली." तिने हे रागाने म्हटलं नाही. काय काय झालं ते क्रमाने सांगत होती.

मूल तिथेच, काठावर, इरल्यांच्या आडोशाला झालं. मुलगी. मी जे करायचं ते केलं. ती रडली नाही.

तानीला रक्त जात होतं. सलाइन लावलं, बाटली बांबूला बांधली. चौघी बाया आणि मी, आळीपाळीने, खिंडीतून निघालो. म्हाताऱ्या बाया. एका ठिकाणी उतारावर जिवलीचा पाय घसरला, तेव्हा डोलीतून तानी म्हणाली, "आत्या, दमलाव तर ठेवा गो मला खाली." जिवली तिच्यावर खेकसली, "गप ऱ्हा. तुला ठिवायला आनली का?"

रस्त्याला लागलो तेव्हा संध्याकाळ होत होती. भाजीचा एक टेम्पो मिळाला. तानी वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढे मूल होणं अवघड आहे.

धाकलू दुसऱ्या दिवशी धसईहून आला. मला वाटलं होतं शिव्या देईल. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "शिश्टर, त्या गाळात आमी जनावर पन घालीत नाय." मी म्हटलं, मग मला का सांगितलं नाही? तो म्हणाला, "आमाला वाटलं, मशीनीला समदं चालतं. तुमाला ठावं आसंल."

मी इथे किती पावसाळे काढले आहेत. पाणी खाली असताना त्या काठाने कोणी येत-जात नाही, हे मलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट मशीनला लागू होईल असं कोणाला वाटलं नाही. तुम्हाला सोडून. तुम्ही हा काठ एकदाच, जीपमधून पाहिला होता, आणि दोनदा विचारलंत, कोणत्या महिन्यात. पहिल्या वेळी मी तो प्रश्न गाळला. दुसऱ्या वेळी काय लिहिलं ते तुमच्याकडे आहे.

तुमचा प्रश्न मला कळला नव्हता असं नाही. कळला होता. पण खरं उत्तर दिलं असतं तर ते 'जानेवारीत पाहिला, जूनमध्ये पाहायला हवा' असं झालं असतं. आणि जूनमध्ये तुम्ही येणार होतात.

आता एवढं लिहिलं आहे तर हेही लिहिते. तुमच्यासाठी घराला रंग काढला आणि मग तुम्हाला येऊ नका असं लिहिलं. पूर्वीही मी तेच लिहिलं होतं, तुम्ही दुसऱ्यांदा करार वाढवलात तेव्हा. 'येऊ नका आता.' तेव्हाही मला वाटलं होतं, तरी याल.

तुम्ही लिहिलेलं तसंच्या तसं वाचता. मशीनची माणसं तशीच वाचत असतील.

गिरजा


शेणवा
१८ नोव्हेंबर २००७

अहो,

तुमचं पत्र आलं. ह्या वेळी कंपनीचा कागद नव्हता. तीन वेळा वाचलं. त्यातल्या बाकीच्या गोष्टींचं उत्तर मला अजून लिहिता येत नाही. मशीनचं आधी लिहिते.

पावसाळा संपल्यावर ट्रस्टची बैठक झाली. दीपेश आला होता, टाय नव्हता. बैठकीआधी तो मला म्हणाला, "मॅडम, मला एकदा पलीकडे नेता का?" आम्ही होडीने गेलो. पाणी आता वर आलं आहे, काठ जानेवारीसारखाच दिसतो. गाळ कुठे होता ते मी त्याला हाताने दाखवलं. तिथे आता नुसतं पाणी होतं. तो बूट काढून पाण्यात उभा राहिला. मग म्हणाला, "मी तर ब्रोशरमध्ये होतं तेच बोललो." मी म्हटलं, मला माहीत आहे. जाहिरातीतला धर्माचा फोटो काढून टाकायला सांगतो, एवढंच येताना म्हणाला.

बैठकीत टेपवाडीची माणसं बोलावली होती. कुंडलिकराव म्हणाले, "आता जास्त चर्चा नको. घ्यायचं की परत करायचं, एका शब्दात सांगा." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी काही बोलायच्या आत धाकलू उभा राहिला.

"घ्या," तो म्हणाला. "पानी वर आसतं तवा ही चालल. लई चांगली चालल. पन लावनीला आमी खांदेकरी ठिवनार. आठच. ह्या येळेला पयली पाळी माजी."

कोणीतरी मागून म्हणालं, "तुजी पाळी दोनदा झाली रं."

"माजी," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग मी बोलले. मी म्हटलं, मशीन परत करावं. आणि पुढच्या जूनमध्ये, पाणी सगळ्यात खाली असताना, पुन्हा मागवावं. चाकांवरून घालायचे रणगाड्यासारखे पट्टे मिळतात, ते घालून, भरलेलं, त्या गाळातून वर काढून दाखवलं तर घ्यावं. नाहीतर वर्षातले किती महिने ते चालणार नाही हे वाडीला आधी सांगून घ्यावं. कुंडलिकरावांनी विचारलं, पट्ट्यांचं कोणाला कळतं? मी म्हटलं, विचारून सांगते. मंडळ तोवर थांबेल की नाही, माहीत नाही. बहुतेक थांबणार नाही. दुसऱ्या कोणत्या तालुक्याला देतील. तरी परत करण्याची माझी शिफारस लिहून पाठवली आहे.

बेडकी ट्रकवर चढवली तेव्हा बघायला कोणी आलं नाही. धर्माने तिची चाकं धुऊन दिली. खाचांतून गाळ निघाला, वाळून दगड झालेला. त्याने तो काठीने टोकरून काढला.

मी आता दर महिन्याला होडीने पलीकडे जाते. पाणी जिथे असेल तिथे एक बांबू ठोकते. तानी बरोबर येते. ती अजून फार चालत नाही, पण ह्याला येते. मुलीला जिथे ठेवलं ती जागा काठावरच आहे, धरण भरलं तरी पाण्याच्या वर राहते. तिथे ती थांबत नाही. पुढे येते, बांबू धरते, मी ठोकते. गेल्या वेळी तिने विचारलं, "शिश्टर, ह्ये कुनासाठी?" मी म्हटलं, एकाने विचारलं होतं, पाणी कोणत्या महिन्यात कुठे असतं. ती म्हणाली, "मंग त्यालाच आना की बगायला."

तुमचा करार आहे. रजा मिळेल की नाही ते मला माहीत नाही. मिळाली तरी गुडघा आहे, पाऊस आहे, इथे चिखल असेल. कदाचित तोवर मशीनही असणार नाही. पाहायला फक्त गाळ असेल आणि त्यात ठोकलेले माझे बांबू.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, पत्र मशीनविषयी आहे, दुसरं काही नाही. ते तसंच्या तसं वाचू नका.

जूनमध्ये या. पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा.

गिरजा